शेवटच्या काळाचं ड्रॉइंग

बायबलमधल्या अगदी शेवटच्या पुस्तकाला आमच्या घरात नुसतं 'शेवटचं पुस्तक' म्हणायचे. जगाच्या अंताची दर्शनं त्यात आहेत. सात डोक्यांचं श्वापद, एकेक मोहर फोडत उघडलेली गुंडाळी, कर्णे, कटोरे आणि सगळ्यात शेवटी नवं शहर. इतरांच्या घरी हे पुस्तक वाचत असतील. माझ्या वडिलांनी त्याचं ड्रॉइंग काढलं होतं.

पप्पा बंगलोरच्या एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. नगर जिल्ह्यातून नोकरीसाठी आले आणि राजाजीनगरच्या भाड्याच्या घरात राहिले ते कायमचेच. नव्वद सालाच्या सुरुवातीला ते निवृत्त झाले, तेव्हा कारखान्यातून मोडीत निघालेलं एक ड्रॉइंग टेबल त्यांनी मागून आणलं. ते पुढच्या खोलीत मावेना म्हणून आमचा सोफा गॅलरीत गेला. आई म्हणाली, "पाहुणे आले तर कुठं बसवायचे?" पप्पा म्हणाले, "किती दिवसांचा प्रश्न आहे!" त्यांचा रोख जगाच्या अंताकडे होता.

ड्रॉइंग म्हणजे खरोखरचं ड्रॉइंग. हातभर रुंद आणि टेबलाएवढा लांब ट्रेसिंग पेपर, त्यावर काळी शाई. डावीकडे सृष्टीची सुरुवात, उजवीकडे नवं शहर, मधून काळाची आडवी रेघ. श्वापद समोरून आणि बाजूनं असं दोनदा काढलेलं. दहा शिंगं सात डोक्यांवर कशी बसवायची, यावर पप्पांनी दोन आठवडे घालवले. शेवटी तीन डोक्यांना दोन-दोन आणि चारांना एकेक असं ठरलं. मी म्हटलं, "पप्पा, पेलवेल ना त्याला?" ते म्हणाले, "मधल्या डोक्याला आधार दिलाय." माझ्या थट्टेतली थट्टा त्यांना कधी दिसायचीच नाही. मला मात्र थट्टा केल्याशिवाय राहवायचं नाही. माझा स्वभावच तसा होता आणि मला त्याचा अभिमानही होता, हे आधीच सांगून टाकतो.

कारखान्यात ड्रॉइंग चुकलं असं कुणी म्हणत नसतं. त्याची रिव्हिजन निघते. जुनी रेघ ब्लेडनं खरवडायची, नवी मारायची, कडेच्या रकान्यात पुढचं अक्षर टाकायचं. ए, बी, सी. पप्पांनी शेवटच्या काळालाही तोच नियम लावला. आखातात युद्ध पेटलं तेव्हा बाबेलची जागा इराकात पक्की झाली, रिव्हिजन सी. उत्तरेचा राजा म्हणजे रशिया होता, तो देशच फुटला, रिव्हिजन डी. दहा शिंगं म्हणजे युरोपातली एकत्र आलेली दहा राष्ट्रं, असं लिहिलेलं होतं. ती राष्ट्रं वाढत गेली आणि शिंगं काही वाढेनात. पप्पांनी तिथलं 'राष्ट्रं' खरवडून 'सत्ता' केलं. त्यांच्या हिशेबानं त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

खालच्या उजव्या कोपऱ्यात, कारखान्याच्या रीतीप्रमाणे, तीन घरांचा चौकोन होता. पहिलं घर 'रेखाटन', तिथं पप्पांची सही. दुसरं 'तपासणी', तिसरं 'मंजुरी'. ही दोन्ही घरं कित्येक वर्षं रिकामी होती. मंजुरीचं घर प्रभूसाठी ठेवलंय, असं ते अगदी साधेपणानं सांगायचे. शाई मारताना कागद सरकू नये म्हणून आई दुसरं टोक धरून उभी राहायची. तीसेक वर्षं ती ड्राफ्ट्समनच्या घरात नांदत होती, त्यामुळे त्या चौकोनातल्या कुठल्या घरात काय असतं ते तिला पाठ होतं. पण त्या कागदाचा अभ्यास तिनं कधी केला नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. प्रभू येणार आहे, आल्यावर ओळखला पाहिजे, आणि तोवर त्याला तोंड दाखवता येईल असं वागलं पाहिजे. बाकीचं पप्पा बघून घेतील.

महिन्यातून एका रविवारी दुपारी शिवाजीनगरच्या एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये बंगलोरची दहा-बारा मराठी ख्रिस्ती घरं जमायची. उपासना व्हायची, चहा व्हायचा, आणि मग पप्पा ड्रॉइंगची प्रत, म्हणजे अमोनिया प्रिंट, भिंतीवर लावून लाकडी पट्टीनं समजावून सांगायचे. लोक गंभीरपणे प्रश्न विचारायचे. आयुष्यभर दुसऱ्यांनी आखून दिलेले नट-बोल्ट काढलेला हा माणूस त्या अर्ध्या तासात ताठ उभा राहायचा. मला त्याचं हसू यायचं आणि बरंही वाटायचं.

मला व्हाइटफील्डला एका लहानशा कंपनीत नोकरी लागली. आम्ही दुकानांच्या बिलांचे प्रोग्रॅम लिहायचो. मालाच्या खोक्यावर काळ्या उभ्या रेघा असतात, त्या यंत्रानं वाचायच्या आणि बिल करायचं. तेव्हा ते नवं होतं. एका संध्याकाळी मी टूथपेस्टचं रिकामं खोकं घरी आणलं आणि पप्पांच्या टेबलावर ठेवलं.

"पप्पा, हे बघा. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी दोन-दोन रेघा जरा लांब आहेत ना?"

"आहेत."

"सहाच्या आकड्याच्या रेघाही अशाच असतात. सहा, सहा, सहा."

शेवटच्या पुस्तकात श्वापदाची संख्या सहाशे सहासष्ट आहे, आणि त्याची खूण उजव्या हातावर किंवा कपाळावर असल्याशिवाय कुणाला काही विकत घेता येणार नाही, असं आहे. हे आमच्या घरात लहान मुलालाही ठाऊक होतं. त्या लांब रेघा सहाच्या नसतात, यंत्राला सुरुवात आणि शेवट कळावा म्हणून असतात, हे मलाही ठाऊक होतं. ऑफिसात कुणीतरी ही गंमत सांगितली होती, ती मी घरी आणली. पप्पा चिडतील किंवा फार तर हसतील, असं मला वाटलं होतं.

पप्पांनी भिंग काढलं. अर्ध्या मिलिमीटरची पट्टी काढली. जेवण थंड झालं तरी ते रेघा मोजत राहिले. तेव्हाच "पप्पा, गंमत केली हो" म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही, कारण मला मजा वाटत होती. दोन दिवसांनी रिव्हिजन जी निघाली. श्वापदाच्या समोर एक हात आला होता, उजवा, आणि मनगटावर काळ्या उभ्या रेघा, मापानुसार. कोपऱ्यातल्या तपासणीच्या घरात पप्पांनी पेन्सिलनं बारीक फुली केली होती.

"सही कर," ते म्हणाले. "तुझ्या क्षेत्रातलं आहे."

मी केली. तीही मजाच वाटली मला. पुढच्या रविवारी हॉलमध्ये त्यांनी सांगितलं की, संगणक क्षेत्रातल्या एका जाणकारानं हा भाग तपासून दिला आहे. माझं नाव घेतलं नाही, मुलाची फुशारकी वाटेल म्हणून. घरच्या भिंतीवर जी प्रत लागली तिचा खालचा कोपरा फ्रिजमागे गेला. लोक मात्र घरी गेल्यावर साबणाची खोकी उलटी करून बघायला लागले.

त्याच वर्षी आईला कडेचं दिसेनासं झालं. आधी आम्हाला कळलंच नाही. टेबलाच्या कडेचा पेला तिच्या हाताला लागून पडायचा. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. ती म्हणायची, मोतीबिंदू असेल, पिकू दे. शेवटी मी जबरदस्तीनं एका नव्या, मोठ्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात नेलं. मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक गोल काढला आणि कडेनं पेन्सिलनं काळा करत आणला. मधे चवलीएवढी जागा राहिली. "इतकं उरलंय. गेलेलं परत येत नाही. पण ऑपरेशन केलं तर हे वाचेल. उशीर करू नका." पप्पांनी सगळं नीट ऐकलं, तारीख ठरवली, आणि घरी येताना रिक्षात आईचा हात धरून बसले. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून लोक त्यांना दुष्ट समजतात.

ॲडमिट व्हायच्या दिवशी सकाळी आई न्हाऊन, पांढरं पातळ नेसून खाटेवर बसली होती. नर्स प्लास्टिकची पट्टी घेऊन आली. "अम्मा, स्वल्प कै कोडी," म्हणत तिनं आईचा उजवा हात हातात घेतला. आईला कडेचं दिसत नव्हतं, पण समोर धरलेलं अजून दिसायचं. तिनं पट्टी डोळ्यांजवळ नेली. तिचं नाव, एक आकडा आणि खाली काळ्या उभ्या रेघा.

"अहो," ती पप्पांना म्हणाली, "ह्या त्याच ना?"

पप्पा पट्टीवर वाकले. आईनं हात काढून घेतला.

"नंबर आहे गं तो," मी म्हणालो. "फाइल सापडावी म्हणून."

"उजव्या हाताला कशाला मग?"

नर्सला मराठी कळत नव्हतं, पण हाताचं कळलं. "सरी, सरी," म्हणत ती डावीकडे आली. पप्पा घाईघाईनं म्हणाले, "हो, डाव्याला चालेल. शास्त्रात उजवा म्हटलाय."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. "देवाशी असली चलाखी करायची? दोन डोळ्यांसाठी?"

तेव्हा मी सांगून टाकलं. "आई, हे शास्त्रात नाही. मी सांगितलं होतं पप्पांना. गंमत म्हणून. त्या रेघा सहाच्या नसतातच. तो जाणकार मीच आहे."

आईनं पप्पांना विचारलं, "खरं का हो?"

मी पप्पांकडे बघत होतो. आयुष्यात कुणाकडे इतक्या आशेनं मी पाहिलं नसेल. एवढंच म्हणायचं होतं, की हो, पोरानं सांगितलं आणि मी फसलो. पप्पांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला.

"अभ्यास माझा आहे," ते म्हणाले.

आईनं माझ्या गालावरून हात फिरवला. "माझ्या ऑपरेशनसाठी तू खोटंसुद्धा बोलशील. तुझा जीव आहे माझ्यावर, मला कळतंय." आणि तिनं पायानं चपला शोधायला सुरुवात केली. मी ओरडलो, विनवण्या केल्या, डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, पट्टी राहू द्या, मी हातानं लिहून देते. पण आईच्या दृष्टीनं आता प्रश्न पट्टीचा उरला नव्हता. तिची परीक्षा झाली होती, ती उतरली होती, आणि तिला परत आत जायचं नव्हतं. खऱ्या गोष्टीवर विश्वास बसावा म्हणून माणसानं काय करायचं असतं, ते मला त्या दिवशी कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

घरी आल्यावर मी पप्पांवर असा तुटून पडलो की वरच्या मजल्यावरची घरमालकीण अक्का जिना उतरून आली. तिच्यासमोर आम्ही दोघंही गप्प झालो. ती गेल्यावर पप्पा टेबलाशी बसले आणि त्यांनी ब्लेड काढलं. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी त्यांनी ट्रेसिंग आईसमोर धरलं.

"हात काढून टाकला मी. रेघा काढून टाकल्या. ते चुकलं होतं."

पप्पांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

आईनं कागदाकडे पाहिलंही नाही. "माझ्यासाठी खोडलंत तुम्ही," ती शांतपणे म्हणाली. "देवासाठी नाही. आणि तुम्हीच लिहिलंय ना, दोन हजार साल उजाडायच्या आत सगळं होणार म्हणून? सात-आठ महिने काढीन की मी. मग नवे डोळे मिळणारच आहेत."

सृष्टी सहा दिवसांत झाली, देवाचा एक दिवस म्हणजे हजार वर्षं, म्हणून सहा हजार वर्षं भरली की शेवट, असं पप्पांचं गणित होतं. ते साल त्यांनी तीनदा मागे-पुढे केलं होतं. त्या दिवशी त्यांनी चौथ्यांदा खरवडलं. आईला सांगितलं, की आता तिथं काही लिहिलेलं नाही, वेळ कुणालाच ठाऊक नसते. आई म्हणाली, "बरं." आणि भाजी निवडत राहिली.

पुढचे महिने मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतात. शिवाजीनगरात एक जुना दवाखाना मी शोधला, तिथं अजून पुठ्ठ्याच्या कार्डावर पेनानं लिहीत. आई म्हणाली, "माझ्या डोळ्यांसाठी तू देवाला चुकवायच्या वाटा शोधतोयस." चर्चचे पाळकसाहेब घरी आले, हॉस्पिटलची पट्टी म्हणजे ती खूण नव्हे, असं त्यांनी तासभर समजावलं. आईनं त्यांना चहा-पोहे दिले आणि ते गेल्यावर म्हणाली, चांगला आहे, पण वयानं लहान आहे. डोळ्यांत घालायचे थेंब ती सकाळ-संध्याकाळ न चुकता घालायची. नुसत्या थेंबांनी भागणार नव्हतं, हे मला आणि पप्पांना माहीत होतं. ते बाटली धरायचे, मी तिची मान. इकडे मी दिवसभर ऑफिसात दोन आकडी सालं चार आकडी करत होतो, दोन हजारात यंत्रं बंद पडू नयेत म्हणून. माझ्या घरात ज्या दिवसाची वाट बघणं चाललं होतं, तो दिवस सुरळीत जावा यासाठी मला पगार मिळत होता.

एक जानेवारीला सकाळी दूधवाल्यानं नेहमीसारखी पिशवी दाराच्या कडीला अडकवली. आई भिंतीला हात लावत पुढच्या खोलीत आली आणि खुर्चीत बसली.

"आज काय तारीख?"

"एक," मी म्हणालो.

"साल?"

"दोन हजार."

पप्पा टेबलाशी पाठमोरे उभे होते. मग ती म्हणाली, "ने मला. बांधू देत पट्टी."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच हॉस्पिटलात गेलो. खुर्चीत बसल्याबरोबर आईनं उजवा हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. कुणी पट्टी आणली नाही, कारण ॲडमिट करायचंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून दोन्ही डोळ्यांत बराच वेळ पाहिलं, आणि मला बाजूला घेऊन इंग्रजीत सांगितलं की, नस सुकली आहे, वाचवायला आता काही उरलेलं नाही. मी आईजवळ आलो. ते वाक्य मला मराठीत जुळवताच येईना. तिचा हात अजून पुढेच होता. मी तो खाली ठेवला, आणि तिला कळलं.

फेब्रुवारीत पप्पांनी ड्रॉइंग टेबल भंगारवाल्याला द्यायचं ठरवलं. त्यांनी ट्रेसिंगची गुंडाळी करायला घेतली, तेव्हा कागदाचा आवाज ऐकून आई म्हणाली, "थांबा. एकदा पसरा."

पप्पांनी कागद पसरला. आई टेबलाशी उभी राहिली आणि डावीकडून बोटं फिरवत निघाली. शाई तिला लागत नव्हती. लागत होतं ते ब्लेडनं खरवडलेलं. कागद तिथं खरखरीत होतो, फुलतो. बाबेलपाशी ती थांबली, उत्तरेच्या राजापाशी थांबली. सालाच्या जागी तिचं बोट आरपार गेलं.

"इथं भोक पडलंय."

"हो," पप्पा म्हणाले.

तिथून ती खाली कोपऱ्याकडे आली. चौकोन कुठं असतो ते तिला सांगायची गरज नव्हती. पहिल्या घरावर बोट गुळगुळीत फिरलं. दुसऱ्यावर अडलं. तिनं परत फिरवलं.

"इथं पण खरवडलंय. इथं काय होतं?"

मी वाकून पाहिलं. माझी सही नव्हती. कागद अगदी पातळ झाला होता. त्या हॉस्पिटलच्या दिवशीच पप्पांनी ती काढली असणार. मला वाचवायला की स्वतःला, ते मला ठाऊक नाही.

"काही नाही," पप्पा म्हणाले. "माझीच सही होती. चुकून दोनदा झाली."

"तुमची रेखाटनात असते," आई म्हणाली. तिनं बोट शेजारच्या घरावर ठेवलं आणि परत मागे आणलं. "ही तपासणी."

पप्पांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून उभे राहिले.

आईनं मान वर केली आणि दाराकडे तोंड करून म्हणाली, "म्हणजे तू खरं सांगत होतास."

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. "हो," मी म्हणालो, आणि मग तिनं मान माझ्याकडे वळवली.